लेकीचा फ्लेक्स

मी शारजात फ्लेक्स छापतो. दुकानांचे बोर्ड, सेलचे बॅनर, हॉटेलांची मेनूकार्डं, जे येईल ते. हमरिया फ्री झोनमधल्या कंपन्यांचे हेल्मेट घालायला सांगणारे फलकसुद्धा आमच्याच मशीनमधून निघतात. या धंद्यात इतकी वर्षं गेली की लाल जरासा गुलाबीकडे झुकला तरी मला लांबून दिसतो. गिऱ्हाइकाला दिसत नाही, मालकाला दिसत नाही. मला दिसतो, आणि दिसला की मी गप्प बसत नाही. मशीन थांबवतो, दोन शिव्या हासडतो आणि परत छापायला लावतो. मालक वैतागून म्हणतो, "हबीबी, तेरा आँख मेरे लिए सिरदर्द है." हे मी आजवर कौतुक म्हणूनच मिरवत आलो. आधीच सांगून टाकतोय, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला माझी कीव यायला नको.

माझी मुलगी गेल्या वर्षी अठरा वर्षांची झाली. गल्फमध्ये बाप असला की घरातले वाढदिवस तारखेला होत नाहीत, बाप सुट्टीवर आला की होतात. शाळेत चॉकलेटं वाटायची ती तारीख वेगळी आणि घरी केक कापायचा तो दिवस वेगळा. तिला लहानपणी वाटायचं की सगळ्यांचंच असं असतं. पुढे पुढे मीच जायचा थांबलो. आधी जुनी कंपनी बंद पडली, मग नवीन मालकाने सुट्टी लांबवली, मग घराचं स्लॅबचं काम निघालं आणि तिकिटाचे पैसे तिकडे गेले. तीन वर्षं अशीच निघून गेली. शेवटचं पाहिलं तेव्हा ती दहावीला होती आणि दोन वेण्या घालत होती.

या वेळी तिने आईला बजावलं होतं की अठरावा वाढदिवस तारखेलाच करायचा, पप्पा असोत वा नसोत. बायकोने मला ते हसत हसत सांगितलं. मी हसलो नाही. 'वा नसोत' हे दोन शब्द मला झोंबले. दुसऱ्याच दिवशी मालकाकडे जाऊन उभा राहिलो आणि सुट्टी मिळेपर्यंत हललो नाही. वाढदिवसाच्या दोन दिवस आधी पोहोचेल असं तिकीट काढलं आणि घरी सांगून टाकलं, येतोय.

आता येतोय म्हटल्यावर रिकाम्या हाताने कसं जायचं? सोनं, अत्तर, मोबाइल हे सगळेच नेतात. मला सुचला फ्लेक्स. आमच्या गावात एसटीच्या थांब्यावर फ्लेक्स लागला नाही तर तो वाढदिवस धरतच नाहीत. मिसरूड न फुटलेली पोरं गॉगल लावून तिथे वर टांगलेली असतात, कुणी 'युवा नेतृत्व', कुणी 'किंग', आणि खाली शुभेच्छुकांच्या गोल गोल चेहऱ्यांची रांग. मी सुट्टीवर गेलो की या फ्लेक्सना नावं ठेवायचो. छपाई भिकार, रंग उतू गेलेले, अक्षरांना ताळ नाही. आणि एक गोष्ट खरी, तिथे मुलीचा फ्लेक्स कधी लागला नव्हता. अख्ख्या शारजाचे बॅनर ज्याच्या हातून जातात, त्याच्या लेकीचा पहिला लागेल, असं मी मनाशी ठरवलं. कुणाला सांगायचं नाही, एकदम बांबूला बांधायचा.

अडचण एकच होती, फोटो. तिचा धड फोटो माझ्याकडे नव्हता. इथे साध्या अ‍ॅपवर व्हिडिओ कॉल लागत नाही, वेगळं अ‍ॅप घ्यावं लागतं, आणि ते लागलं तरी ती कॅमेरा छताकडे करायची. नेट जातंय म्हणायची. कॉलेजसाठी होस्टेलला गेल्यापासून तर आवाजावरच भागत होतं. जे फोटो यायचे त्यांत तिला कुत्र्याचे कान नाहीतर मांजराच्या मिशा लावलेल्या असायच्या. असा फोटो आठ फुटांवर छापला तर गाव काय म्हणेल?

मग मला घरच्या ग्रुपवरचा पाडव्याच्या शोभायात्रेचा फोटो आठवला. दोन मुली, नऊवारी, डोक्यावर फेटा, नाकात नथ, डोळ्यांवर काळा गॉगल, एकाच बुलेटला टेकून उभ्या. खाली बायकोने लिहिलं होतं, 'आपल्या वाघिणी'. एक माझी मुलगी आणि दुसरी माझ्या थोरल्या भावाची. दादाची मुलगी जेमतेम वर्षा-दीड वर्षाने मोठी. माझी तिला ताई म्हणते आणि दोघी लहानपणापासून एका ताटात जेवलेल्या. चेहराही एकच, आमच्या घराण्याचा, रुंद कपाळ आणि टोकदार हनुवटी.

आमच्या दुकानात डिझाइनचं काम एक मल्याळी माणूस करतो. शांत, कामापुरतं बोलणारा. त्याने फोटो स्क्रीनवर मोठा केला आणि विचारलं, "कौन सा वाला?"

मी लगेच बोट ठेवलं नाही. हे मला आज कबूल केलंच पाहिजे. एक क्षण असा होता की मला नक्की माहीत नव्हतं. डावीकडची उंच होती, हसरी होती, हिरवी साडी तिला खुलून दिसत होती. उजवीकडची जांभळ्या साडीतली जरा मागे उभी, हसताना तोंड मिटलेलं. मला डावीकडची हवी होती, एवढंच. बायकोला एक फोन केला असता तर सगळं मिटलं असतं. पण फोन करून विचारणार काय? यातली आपली कुठली? असं विचारण्यापेक्षा मी डावीकडे बोट ठेवलं. तो म्हणाला, पक्का ना? मी त्याच्यावर खेकसलो, माझी मुलगी मला तू दाखवणार का?

तो बिचारा कामाला लागला. हिरव्या साडीवालीच्या खांद्यावर दुसरीचा हात होता. तो हात काढायचा की ठेवायचा, त्याने विचारलं. मी म्हटलं काढ, कुणाचा तरी हात मधेच लोंबतोय, बरं दिसत नाही. त्याने हात काढला आणि त्या जागी साडीचा काठ इतक्या सफाईने भरला की माझा मलाच अभिमान वाटला. साडीचा हिरवा मनासारखा येईना म्हणून मी मशीन थांबवलं आणि दुसऱ्यांदा छापायला लावलं. वर तिचं नाव, 'अठराव्या वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा', आणि खाली शुभेच्छुक. त्यात रूमवरचे माझे चौघे गाववाले गोल चौकटीत आणि सगळ्यांच्या मधोमध, इतरांपेक्षा जरा मोठा, मी. गॉगल मीही लावला होता.

विमानतळावर जाताना टॅक्सीत फ्लेक्स गुंडाळून भरलेली पाच फुटांची नळी मागच्या काचेपासून माझ्या कानापर्यंत आली होती. ड्रायव्हर पठाण होता. बंदूक आहे का म्हणून त्याने चेष्टा केली. मी त्याला सगळी हकिगत सांगितली. सांगायला मला कारण हवंच होतं.

काउंटरवरच्या मुलीने नळीकडे पाहून मान हलवली. एवढी लांब वस्तू पट्ट्यावर जाणार नाही, नळी काढा आणि घडी घालून बॅगेत भरा, असं तिने गोड शब्दांत सांगितलं. फ्लेक्सची घडी घातली की रंगाला पांढरी चीर पडते आणि ती कशानेही जात नाही. ते मी तिला समजावत बसलो. मागे रांग खोळंबली. ती म्हणाली, मग आडवा गुंडाळून लहान करा, बाजूला जागा आहे. म्हणून मी ट्रॉल्यांच्या पलीकडे मोकळ्या फरशीवर तो फ्लेक्स उलगडला.

मुंबईचं विमान, त्यामुळे रांगेत निम्मी आपलीच माणसं. कोकणातली पोरं, साइटवरून सुट्टीवर निघालेली. मुलांना घेऊन निघालेलं एक जोडपं, अबुधाबीच्या अल रीम आयलंडवर राहणारं, हे त्यांनीच मला मघाशी रांगेत सांगितलं होतं. आणि रायगडकडचे एक चाचा, पांढरी दाढी, रास अल खोरच्या घाऊक बाजारात कांद्या-बटाट्याचा व्यापार. फ्लेक्स उलगडला तशी माणसं जमली. आठ फुटांची मराठी अक्षरं त्या विमानतळावर कुणी पाहिली होती? एकाने मजकूर मोठ्याने वाचला. एकाने विचारलं, केवढ्याला पडला? मी म्हटलं, दुसऱ्याला दीडशे दिरहम, म्हणजे साडेतीन हजार रुपये, आपलं घरचंच मशीन आहे. चाचा म्हणाले, "माशाल्ला. लेक कशी वाघासारखी हाय." जोडप्यातल्या बाईने फोटो काढला.

तेवढ्यावर थांबलो असतो, गुंडाळला असता आणि गेलो असतो, तर निदान जे झालं ते चार भिंतींत झालं असतं. पण हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कौतुकाने माझं डोकं फिरलं. ठरवलेलं सरप्राइज गेलं उडत. मी मोबाइल काढला आणि बायकोला व्हिडिओ कॉल लावला, तोही स्पीकरवर. माणसं बघतायत, त्यांना ऐकूही जाऊ दे.

घरचे मला आणायला मुंबईच्या वाटेवर होते. आमच्याकडे गल्फवाला आला की अर्धं घर गाडी करून विमानतळावर येतं. दादा, बायको आणि दोघी मुली सकाळीच निघाले होते आणि माणगावच्या पुढे कुठेतरी चहाला थांबले होते. बायकोने फोन टेबलावरच्या बरणीला टेकवून उभा केला, म्हणजे चौघंही दिसू लागली. मी म्हटलं, थांबा, एक गंमत दाखवतो, आणि कॅमेरा फरशीकडे वळवून हळूहळू फिरवत नेला. आधी नाव, मग शुभेच्छा, मग फेटा, मग चेहरा. मी तोंडाने वाजंत्रीसुद्धा वाजवत होतो.

स्क्रीनवरची चौघंही हलेनात. मला वाटलं नेट अडकलं. मी विचारलं, दिसतंय ना?

बायको म्हणाली, दिसतंय. तिचा आवाज चोरटा होता. दादा चहाच्या कपात पाहत होता. दादाची मुलगी तोंडावर हात घेऊन बसली होती. आणि माझी मुलगी पुढे वाकली, नीट पाहिलं, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "छान झालाय पप्पा. ताई मस्त दिसतेय."

मी म्हणालो, ताई कुठली, ही तूच ना.

"हिरवी साडी ताईची. मी जांभळी घेतली होती. सांगितलं होतं ना तुम्हाला."

सांगितलं होतं. ती म्हणाली आणि मला लख्ख आठवलं. पाडव्याच्या आधी तिचा फोन आला होता. तेव्हा मशीन चालू होतं आणि मी कान फोनला लावून डोळे कागदावर ठेवले होते. तिने साडीचं, ब्लाउजचं, कुठल्या दुकानातून घेतली त्याचं सगळं सांगितलं होतं. मी हं हं करत होतो.

स्पीकर चालूच होता. भोवतीची माणसं एकेक करून दुसरीकडे बघू लागली. साइटवरची पोरं ट्रॉलीच्या चाकांशी खेळू लागली. जोडप्याच्या मुलीने आईला विचारलं, "मम्मा, ही सेड डॉटर. इज इट नॉट हिज डॉटर?" आईने तिचा दंड धरून तिला लांब नेलं. मी फोनवर काय बोललो ते आठवत नाही. बहुतेक डिझाइनवाल्याच्या नावाने खडे फोडले. हो, फोडलेच. म्हटलं, त्या गाढवाने चुकीचा फोटो लावला. मुलगी म्हणाली, असू दे पप्पा. तिला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. तिला आश्चर्यही वाटलेलं नव्हतं, आणि तेच मला सहन होईना.

फोन ठेवला. जमीन दुभंगेल तर बरं, असं लोक म्हणतात ते मी आधी नुसतं ऐकलं होतं. फरशीवर आठ फूट लांब दादाची मुलगी हसत होती आणि तिच्या पायाशी गोल चौकटीत मी, गॉगल लावलेला. मी गुडघ्यांवर बसून तो गुंडाळायला लागलो. चाचा आले, समोरचं टोक धरलं, आणि आम्ही दोघांनी मिळून तो गुंडाळला. ते एवढंच म्हणाले, "लेक घरचीच हाय रे भावा." चांगल्या मनाने म्हणाले, पण मला ते जास्तच लागलं.

मी ती गुंडाळी कचऱ्याच्या डब्यात खुपसली. निम्मी बाहेर राहिली. तसाच पाठ फिरवून चालू लागलो तर गार्ड धावत आला. इथे काही टाकून जायचं नाही, सामान सोडायचं नाही, उचला, यल्ला. मी म्हटलं, भाई, कचरा आहे, नको आहे मला. तो म्हणाला, नियम आहे. विमानतळावर माणूस काहीही टाकून जाऊ शकत नाही हे मला माहीत होतं, पण असं माझ्याच वाट्याला येईल असं वाटलं नव्हतं. डब्यातून काढलेला फ्लेक्स काखेत मारून मी परत काउंटरवर गेलो. त्या मुलीने टॅग लावला आणि हॅपी बर्थडे टू युअर डॉटर म्हणाली. मी थँक यू म्हणालो.

विमानात बसल्यावर मोबाइलमधला मूळ फोटो उघडला. आता मला सगळं दिसत होतं, इतकं की माझाच डोळा मला खोटा वाटू लागला. माझ्या मुलीच्या कानाची पाळी गालाला चिकटलेली आहे, माझ्या आईसारखी. ताईची सुटी आहे. माझीची डावी भुवई किंचित वर आहे. ती तोंड मिटून हसते, कारण पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलाय. त्याला तार बसवायची म्हणून बायकोने किती वेळा सांगितलं होतं आणि मी पुढच्या वर्षी म्हणून टाळत आलो होतो. आणि ताईच्या खांद्यावर हात तिचाच होता. अख्ख्या फ्लेक्सवर तिचा म्हणून आला असता असा तेवढाच भाग होता, आणि तो मी 'बरं दिसत नाही' म्हणून काढायला लावला होता. शेजारचा माणूस झोपला होता. मी खिडकीकडे तोंड करून रडलो. लाज वाटत होती, म्हणून रडलो. प्रेमाने वगैरे नाही. उगाच चांगलं नाव कशाला देऊ.

रडून झाल्यावर मी अभ्यासाला बसलो. दुसरा शब्द नाही त्याला. कानाची पाळी, भुवई, दात, केसांचा भांग, परीक्षेला बसल्यासारखं पाठ करत राहिलो. उतरल्यावर चूक करायची नाही. मुलगी नाकासमोर उभी असताना पप्पा क्षणभर अडखळले, असं दादाच्या देखत, बायकोच्या देखत व्हायला नको. गावात लोक हसले असते तर मी सोसलं असतं. तिने पुन्हा त्या साध्या आवाजात 'असू दे' म्हटलेलं सोसलं नसतं.

सामान घेऊन बाहेर आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. कठड्यापलीकडे ही गर्दी. निम्मे लोक नातेवाइकांना घ्यायला आलेले आणि निम्मे ड्रायव्हर, हातात पाहुण्यांच्या नावाच्या पाट्या धरून उभे. मला आधी दादाचं टक्कल दिसलं, मग बायको. तिच्या शेजारी दोघी, दोघी जीन्समध्ये, दोघींचे केस मोकळे, दोघींचे कान झाकलेले. पाळी दिसेना. दोघी माझ्याकडेच बघत होत्या आणि दोघींची तीच हनुवटी. पाठ केलेलं सगळं कुठल्या कुठे गेलं. मी ट्रॉली ढकलत राहिलो आणि चेहऱ्यावर हसू ठेवलं.

मग त्यांतल्या एकीने मागे लपवलेला पुठ्ठा वर काढून डोक्यावर धरला. चहाच्या हॉटेलातून मागून घेतलेलं बिस्किटाच्या खोक्याचं झाकण होतं. त्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत तिचं पूर्ण नाव लिहिलेलं होतं, मधे माझं नाव, शेवटी आडनाव. बाजूचे ड्रायव्हर त्या पाटीकडे बघून हसायला लागले. दादाही हसला. ती स्वतः तोंड मिटून हसत होती आणि पुठ्ठा हलवत होती, पप्पा, इकडे, इकडे.

गंमत होती. मी ट्रॉली सोडून धावलो, पुठ्ठ्यासकट तिला जवळ घेतलं. बायको डोळे पुसत म्हणाली, बघा, लांबून कसं ओळखलं बापाने. मुलगी माझ्या खांद्यावरून हसत म्हणाली, ओळखलं बाई. मी आधी पाटी वाचली होती, आणि मग तिच्याकडे वळलो होतो.